डावीकडचं दार

आमच्या पंपावर कधी आग लागली नाही. हे आधीच सांगून टाकते. पेट्रोल पंपावर आयुष्य काढलेली बाई लिहितेय म्हणजे पहिल्याच पानावर भडका उडणार, असं वाटून कोणी वाचायला घेतलं असेल, तर त्याने खुशाल पान उलटावं. मागे राशिभविष्य असेलच.

या अंकाचे संपादक आमचे जुने गिऱ्हाईक. स्कूटरची टाकी भरताना ते मला नेहमी म्हणायचे, "ताई, निवृत्त झालात की लिहा." मी म्हणायचे, "काय लिहू? गाडी आली, इंजिन बंद करा, झीरो बघा, कितीचं टाकू, गाडी गेली. झालं माझं आत्मचरित्र." आता खरंच निवृत्त झालेय. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहायला बसलेय. उगाच दुसरं कारण कशाला सांगू?

मी मूळची जूचंद्रची, लग्न होऊन गोखिवऱ्याला आले. नवरा तिथल्याच एका छोट्या कारखान्यात होता. मुलगा शाळेत असताना नवरा गेला आणि मी कामाच्या शोधात बाहेर पडले. त्या वेळी आमच्या शेठना पंपावर बायका ठेवायच्या होत्या. बाई पुढे उभी असली की गिऱ्हाईक शिव्या कमी देतं, असा त्यांचा हिशोब. तो अगदीच चुकला असं नाही, पण फार बरोबरही नव्हता. पहिल्यांदा पँट-शर्ट आणि टोपी घालून बसस्टॉपवर उभी राहिले, तेव्हा माहेरची एक बाई माझ्याकडे बघून न बघितल्यासारखी पुढे गेली. मला घरी येऊन रडू आलं. दुसऱ्या दिवशी तीच पँट घालून पुन्हा गेले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पंप वसई पश्चिमेला, स्टेशनकडून गावांकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तिथे उभं राहून मी जे शब्द रोज बोलले, त्यात पहिले हेच: "इंजिन बंद करा." मुलं मला मागे 'बंदकरा मावशी' म्हणत. मला ठाऊक होतं. इंजिन बंद झाल्याशिवाय नोझल टाकीत घालायचं नाही, ही माझी सवय, मग समोर मंत्र्याची गाडी असो नाहीतर मेव्हण्याची.

लोक विचारतात, एवढं काय त्यात? सांगते. पेट्रोल ओतताना त्याची वाफ निघते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण भर उन्हात नोझलच्या तोंडाशी बघितलंत तर हवा थरथरताना दिसेल. ही वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, खाली जमिनीशी पसरते, गाडीच्या पोटाखाली शिरते. चालू इंजिनात ठिणगी असते, सायलेन्सर तापलेला असतो. या दोघांची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच आमचं काम. दुसरं कारण त्याहून साधं. इंजिन बंद असलं की गाडी जागची हलत नाही. एक साहेब एकदा फोनवर बोलता बोलता नोझल टाकीत असतानाच निघाले. पाइप ताणला जाऊन जिथे सुटायला हवा तिथून सुटला, नशीब. साहेब मागे पाइप लोंबकळत ठेवून नाक्यापर्यंत गेले. एका रिक्षावाल्याने गाठून सांगितलं तेव्हा परत आले आणि मलाच म्हणाले, "तुम्हाला सांगता येत नव्हतं का?" सांगितलं होतं हो. तुमचं इंजिन आणि तोंड दोन्ही चालू होतं.

वाद घालणारे पुष्कळ. एक तरुण माणूस दर वेळी हसून विचारायचा, "मावशी, तुम्ही आजवर किती आगी बघितल्या?"

"एकही नाही."

"मग?"

"मग काय? म्हणूनच."

त्याला ते पटायचं नाही. खरं सांगायचं तर चालू इंजिनात पेट्रोल भरून धडधाकट घरी पोचलेले लोक ढिगाने असतील. माझा मुलगाही म्हणतो, "आई, आता गाड्या बदलल्या. चालू ठेवलं तरी काही होत नाही." असेल. मी काही शास्त्रज्ञ नाही. पण काहीच न घडणं हेच ज्या कामाचं यश, त्या कामाची एक गंमत असते. रोज संध्याकाळी टोपी काढताना वाटायचं, आज काही झालं नाही. बरं वाटायचं. मग घरी जायचे, कुलूप उघडायचे, तर तिथेही दिवसभर काही झालेलं नसायचं. सकाळी उपडी घातलेली कपबशी तशीच उपडी. मुलगा लग्नानंतर बोळिंजला मोठ्या इमारतीत राहायला गेला. गोखिवऱ्याहून बोळिंज लांब नाही. तरी तो यायचा नाही आणि मी जायचे नाही. भांडण नाही, तंटा नाही, नुसतंच राहून जायचं.

असो. गिऱ्हाइकांचं सांगते.

बोळिंजचंच एक जोडपं उन्हाळ्यात आलं होतं. नवी गाडी, काचा बंद, एसी चालू, मागे बाळ झोपलेलं. मी हात वर केला तर बापाने काच चार बोटं खाली केली आणि कुजबुजत म्हणाला, "प्लीज, आत्ताच झोपलाय. एसी बंद झाला की उठेल." आईने हात जोडले. दोघांचे डोळे बघितले तर तेच झोपेला आलेले. मी म्हटलं, "बंद करा. मी बघते." ऑइलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून आणला, मागचं दार उघडलं आणि टाकी भरेपर्यंत बाळाला वारा घातला. नोझल दुसऱ्या माणसाने धरलं. बाळ उठलं नाही. आई मात्र बसल्या बसल्या झोपून गेली. पुढे ते बरेचदा आले, पण बाळ मोठं झालं आणि त्यांना माझी ओळख राहिली नाही.

नंतर आमच्याकडे सीएनजीही आला. तिथे नियम आणखी कडक. गॅस भरताना नुसतं इंजिन बंद करून भागत नाही, गाडीतल्या सगळ्यांनी खाली उतरून लांब उभं राहायचं. अर्नाळ्याच्या कोळणी टेम्पोतून बाजाराला निघालेल्या असत. त्यांना उतरवणं म्हणजे एक सोहळा. टोपल्या सांभाळत, पदर खोचत, मला शिव्या देत त्या उतरत. त्यातली एक दर वेळी म्हणायची, "आमाला उतरवतेस, म्हावऱ्याला नाय उतरवत?" मी म्हणायचे, "म्हावरं मेलेलं आहे, त्याला काय भीती?" मग सगळ्या हसत.

ते माझं बोलणं एकदा माझ्याच अंगावर आलं. सीएनजीच्या रांगेत एक व्हॅन आली. मी बघितलं न बघितलं आणि सवयीने ओरडले, "सगळ्यांनी उतरा." दोघे-तिघे पुरुष मुकाट उतरले. मागे एक म्हातारी बसून राहिली. मी जवळ गेले तेव्हा दिसलं, ती शववाहिनी होती. म्हातारी म्हणाली, "मी उतरते गं बाई, पन यांना एकट्याला कसं ठेवू?" मी म्हटलं, "आजी, तुम्ही तिकडे उभ्या राहा. मी इथे उभी आहे. मी बघते त्यांच्याकडे." ती उतरली. गॅस भरून होईपर्यंत मी त्या काचेतून त्या माणसाकडे बघत राहिले. ओळख ना पाळख. निघताना म्हातारीने माझ्या गालावरून हात फिरवला.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही. इंजिन बंद झालं की दोन मिनिटं शांतता होते. त्या शांततेत माणसं बोलतात. काय काय बोलतात. मुलगी पळून गेली, ट्रान्सफर झाली, डॉक्टरने अमुक सांगितलं. मला सांगत नसतात, मी आपली समोर असते म्हणून सांगतात. मग टाकी भरते, गाडी चालू होते, आणि त्या मुलीचं पुढे काय झालं ते मला कधीच कळत नाही. दिवसभर माणसांत उभी राहून माझ्याइतकी एकटी बाई वसईत दुसरी नसेल, असं कधी कधी वाटायचं. पुढे पुढे तर लोक काच खाली करून फोन स्कॅनरसमोर धरायला लागले, तेवढंही बोलणं गेलं.

पण रविवार वेगळा होता. रविवारी नतालकाका आणि फिलूबाय यायची.

पश्चिमेच्या एका ख्रिस्ती गावातली ही म्हातारा-म्हातारी. केळीची आणि भाजीची वाडी, मुलगा कॅनडात, घरात दोघंच. रविवारची मिस्सा संपली की चर्चमधून थेट पंपावर. गाडी जुनी, पांढरी, दारांच्या कडा गंजलेल्या, आरशाला जपमाळ लटकवलेली. काका चालवणार. फिलूबाय डाव्या सीटवर, लाल लुगडं, अंबाड्यात सोनचाफा. आपसांत ती त्यांची बोली बोलत, त्यातलं मला निम्मं कळायचं. माझ्याशी बोलताना बाजारातली मराठी.

काकांचं इंजिनाबाबत मत पक्कं होतं. "सेल्फ मारला का छटाकभर पेट्रोल जातं. भरायला आलो का घालवायला?" खरं दुखणं वेगळंच होतं. त्या गाडीचा सेल्फ कमजोर. एकदा बंद झाली की पुन्हा चालू होईलच याचा भरवसा नाही. मग हवा भरणारा रमेश आणि मी मागून धक्का मारायचो, गाडी गचके खात पेटायची, आणि काका मागे न बघता खिडकीतून हात बाहेर काढून हलवायचे. तो त्यांचा आभार मानण्याचा प्रकार.

तर मी हात वर करून म्हणायचे, "काका, इंजिन बंद करा." काका ऐकू न आल्यासारखे समोर बघत बसायचे. मग फिलूबाय डावीकडून हात लांब करून खटकन चावी फिरवायची. काका दर वेळी म्हणायचे, "हळू गो, चावी मोडंल." ती म्हणायची, "चावी नवी मिळंल. आपून पेटलो तर?" मग मी झीरो बघा म्हटलं की काकांऐवजी तीच वाकून मीटरकडे बघायची. हे दर रविवारी, जसंच्या तसं. पुढच्या वर्षीही तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

टाकी भरेपर्यंत ती मला विचारायची, "जेवलीस का गो?" सकाळची वेळ असली तरी हाच प्रश्न. कधी केळी द्यायची, कधी अंबाड्यातला चाफा काढून माझ्या खिशाला लावायची. मला जेवलीस का विचारणारं तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. पंपावर रविवारची सुट्टी सगळ्यांना हवी असते. मी रविवारची ड्यूटी मागून घ्यायचे. शेठ म्हणायचे, बाई कामसू आहे. कामसू कसली? रविवारी माझी वाट बघणारी दोन माणसं यायची, म्हणून जायचे.

एका पावसाळ्यात ती काही रविवार आलीच नाहीत. त्यांच्या गावच्या एका भाजीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "फिलूबाय गेली. ताप आला आनि गेली." मी पुढच्या गाडीला इंजिन बंद करायला सांगितलं, झीरो दाखवला, पेट्रोल भरलं. डोळ्यांतलं पाणी टोपीखाली कोणाला दिसलं नाही.

पाऊस ओसरल्यावर एका रविवारी पांढरी गाडी रांगेत दिसली. काका एकटेच. दाढी वाढलेली, शर्ट मात्र इस्त्रीचा. माझ्यासमोर आले. मी हात वर केला. एवढंच म्हटलं, "काका, इंजिन."

काका समोर बघत बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर. इंजिन धडधडत होतं. मागच्याने हॉर्न वाजवला, त्याच्या मागच्याने वाजवला. मी खिडकीशी वाकले. "काका, बंद करता ना?"

ते म्हणाले, "ती करते."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. हा माणूस भ्रमलेला नव्हता. त्याला सगळं ठाऊक होतं. तरी तो तसाच बसून राहिला होता आणि मागे रांग रस्त्यापर्यंत गेली होती. मग मी गाडीच्या पुढून वळसा घातला, डावीकडचं दार उघडलं, एक गुडघा त्या सीटवर टेकला आणि हात लांब करून चावी फिरवली. इंजिन बंद झालं.

"हळू गो," काका म्हणाले, "चावी मोडंल."

मला फिलूबायचं उत्तर पाठ होतं, पण ते मी दिलं नाही. ते तिचं होतं. मी दार लावलं, परत आले, झीरो बघा म्हटलं आणि स्वतःच बघितला. त्या दिवशी गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली.

त्यानंतर दर रविवारी हेच. मी हात वर करायचे, इंजिन बंद करा म्हणायचे, मग वळसा घालून डावीकडचं दार उघडायचे. काका आपलं वाक्य म्हणायचे. बाकी फारसं बोलायचे नाहीत. मुलगा गाडी विकून टाक म्हणतो, एवढं एकदा सांगितलं. आणखी एका रविवारी मीच धीर करून विचारलं, "काका, तुम्हाला हात पोचतो की. मग तुम्ही का नाही बंद करत?"

त्यांनी नोटा मोजल्या. पैसे दिले, पाकीट खिशात घातलं, आणि मग म्हणाले, "मी बंद केली म्हंजे ती गेली."

त्यानंतर मी पुन्हा कधी विचारलं नाही.

आमचे नवे मॅनेजर नियमाचे पक्के. कर्मचाऱ्याने गिऱ्हाइकाच्या गाडीत हात घालायचा नाही, हा पंपावरचा नियम, आणि बरोबरच आहे. उद्या काही हरवलं तर आळ येतो. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं. पांढऱ्या गाडीत मी अर्धी आत, अर्धी बाहेर.

"हे काय आहे, मावशी?"

"इंजिन बंद करतेय."

"ते गिऱ्हाइकाचं काम आहे. करत नसतील तर पेट्रोल देऊ नका. तुम्हीच सगळ्यांना सांगता ना?"

हो, मीच सांगत होते. माझंच वाक्य माझ्यासमोर ठेवलं होतं. मी त्यांना फिलूबायचं सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, "तुमचे थोडेच महिने राहिलेत. तोवर मी रविवारचं तेवढं बघत नाही. पण तुमच्यामागे येणाऱ्या बाईला मी हे करू देणार नाही. तिला सवय लावू नका."

माणूस वाईट नव्हता. पण तेव्हापासून माझ्या जिवाला एकच घोर लागला. मी गेल्यावर काय? नवी बाई हात वर करणार, काका समोर बघत बसणार, हॉर्न वाजणार, ती त्यांना पेट्रोल न देता परत पाठवणार. एक-दोनदा असं झालं की म्हातारा यायचा बंद होईल. मुलगा गाडी विकून टाकेल. मग चर्चही बंद, बाजारही बंद, केळीच्या वाडीत एकटा बसून राहील. एकटं बसून राहणं म्हणजे काय, ते मला कोणी सांगायला नको.

माझ्या शेवटच्या रविवारी मी चावी फिरवली, पेट्रोल भरलं आणि खिडकीशी जाऊन सांगितलं, "काका, पुढच्या रविवारपासून मी नाही. निवृत्त झाले."

ते म्हणाले, "मग कोन करंल?"

"तुम्हीच करायचं."

ते समोर बघत राहिले. "बघू," म्हणाले. सेल्फ लागला, गाडी निघाली, खिडकीतून हात बाहेर आला. मी पण हात हलवला, पण ते कधी मागे बघायचे नाहीत.

निवृत्तीचा समारंभ झाला. शाल मिळाली, मिक्सर मिळाला. मुलगा, सून आणि नातू आले होते. फोटो काढले. मुलगा म्हणाला, "आता आमच्याकडे येत जा." मी हो म्हटलं. पुढच्या रविवारी सकाळी मी घरी होते. चहा केला, कप धुतला, उपडा घातला. मग साडी बदलली आणि बस पकडून पश्चिमेला गेले. बाजारात जायचंय असं स्वतःला सांगितलं होतं. पिशवीसुद्धा घेतली होती.

पंपासमोरच्या बसस्टॉपवर उभी राहिले. इतकी वर्षं त्या जागेवरून मला बघणारी माणसं असतील, मी तिथून पंप कधी बघितला नव्हता. माझ्या जागी नवी बाई होती, सुषमा, साधारण मी लागले तेव्हाच्या वयाची. टोपी तिला जरा मोठी होत होती. मी मनाशी ठरवलं होतं, काका अडले की रस्ता ओलांडून जायचं आणि डावीकडचं दार उघडायचं. आता मला कोण काय म्हणणार? नोकरीवरून काढतील ही भीतीही उरली नव्हती.

मिस्सा सुटायच्या वेळेला पांढरी गाडी आली. रांगेत लागली. एकेक करत पुढे सरकली. माझं एक पाऊल फुटपाथच्या खाली होतं. सुषमाने हात वर केला. ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण दुसरं काय म्हणणार?

काकांनी डावीकडे बघितलं. मग हात खाली नेला आणि चावी फिरवली.

त्या गाडीची धडधड थांबलेली मला रस्त्यापलीकडून कळली. हॉर्न नाही, काही नाही. सुषमाने झीरो दाखवला. काकांनी वाकून बघितला. ती टाकी भरायला लागली, जशी कोणाचीही भरतात.

मला आनंद व्हायला हवा होता. हेच तर हवं होतं मला. माणूस अडला नाही, परत गेला नाही, रविवार चुकला नाही. आनंद झालाही. पण त्याच वेळी मी बसस्टॉपचा खांब घट्ट धरला. मी बंद केली म्हंजे ती गेली, असं म्हणाले होते ना? त्या सकाळी ती गेली. आणि तिच्याबरोबर मीही गेले. त्या म्हाताऱ्याने एका चावीत दोघींचं आटपलं. आता त्याला डावीकडून कोणी लागत नव्हतं. आणि ती पिशवी घेऊन मी तिथे कोणासाठी उभी होते, हे मला पहिल्यांदाच नीट कळलं. त्याच्यासाठी नव्हते.

परत फिरणार तोच सेल्फचा आवाज आला. कुईकुई करून थांबला. पुन्हा कुईकुई. पुन्हा. गाडी चालू होईना. मागचे हॉर्न वाजवायला लागले. रमेश हवेचा पाइप टाकून धावला आणि मागून रेटायला लागला, पण एकट्याला ती गाडी रेटत नाही. सुषमा नोझल धरून नुसती बघत होती. तिला कुठे ठाऊक होतं?

मी रस्ता ओलांडला. पदर खोचला, पिशवी खांद्यावर मागे टाकली आणि रमेशच्या शेजारी डिकीवर दोन्ही हात टेकले. रमेशने मला बघितलं आणि त्याचं तोंड उघडलं. मी मानेनेच नको म्हटलं. दोघांनी जोर लावला. गाडी हलली, सरकली, पंपाच्या उतारावर आली, एक गचका खाल्ला आणि पेटली. माझ्या हाताखालची डिकी थरथरायला लागली. मग ती हातातून सुटून पुढे गेली.

काकांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवला. मागे बघितलं नाही.

मी धूळ लागलेले हात पदराला पुसत होते. रमेशला दम लागला होता. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही आहात हे त्यांना ठाऊकच नाही. पळत जाऊन थांबवू का?"

पांढरी गाडी रस्त्याला लागली होती आणि गावाकडे वळत होती.

"नको," मी म्हटलं. "चालू झालीये, चालू राहू दे."